बागेच्या वेळांबद्दलचा अर्ज

आमच्या कॉलनीच्या बागेच्या फाटकावर जो फलक लागला आहे, त्यावरची भाषा माझी आहे. खाली नाव वॉर्ड ऑफिसचं आहे आणि रंगवणारा कुणी दुसराच. पण ‘उद्यान सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत देखभालीसाठी बंद राहील’ आणि ‘उद्यानात खाद्यपदार्थ आणण्यास, चटया अंथरण्यास व झाडांना कापड बांधण्यास मनाई आहे’ ही दोन्ही वाक्यं माझ्या अर्जातून जशीच्या तशी उचललेली आहेत. ‘देखभालीसाठी’ हा शब्द सुचला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी स्वतःला सोडवण्यासाठी काही लिहायला लागले तर वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

माघात माझे यजमान गेले. ती बाग त्यांची होती असं मला नेहमी वाटायचं. गारखेड्यात आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिथं नुसती मोकळी जागा होती; झाडं लावण्यापासून ते त्यात होते. पुढं सकाळी फिरणाऱ्यांचा एक गट झाला. सगळे निवृत्त, सगळे आमच्यासारख्याच घरांतले. आजोबा-पणजोबा भिक्षुकी किंवा कारकुनी करणारे, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. तीन फेऱ्या मारायच्या आणि बाकावर बसून नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार यावर अर्धा तास बोलायचं. दिवे, ड्रेनेज, मोकाट कुत्री अशा कशाबद्दलही अर्ज द्यायचा झाला की तो हे लिहायचे. घरी आणून माझ्यासमोर ठेवायचे. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. मी वाक्यं नीट करायची आणि स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची.

ते गेल्यावर सकाळी बागेत जाणं मला जमेना. प्रत्येकजण थांबून दोन शब्द बोलणार आणि मी मान हलवणार. दुपारी मात्र घरात राहवत नव्हतं. जेवण झालं की वधू-वर पाहिजेतच्या जाहिराती मोठ्यानं वाचून त्यावर शेरे मारायची त्यांची सवय होती. त्या वेळेला घर सोडायचं, एवढंच मी ठरवलं. विसाव्या की एकविसाव्या दिवशी पुस्तक घेऊन बागेत गेले.

घरापासून पन्नास पावलांवर असलेली ती बाग मी दुपारी कधी पाहिलीच नव्हती. सकाळचे बाक रिकामे होते. करंजाच्या झाडाखाली मात्र वेगळीच वस्ती होती. एक बुरखा घातलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई नकाब मागं टाकून मांडीवरच्या साडीला फॉल लावत बसली होती. करंजाच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती, झोळीत बाळ होतं, आणि त्याची आई पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून झोका देत होती. समोर भाकरीचं फडकं सोडलेलं होतं.

मी लांबच्या बाकावर बसले. दोन दिवस तशीच बसले. तिसऱ्या दिवशी बुरखेवाल्या बाईनंच हाक मारली.

‘टीचर, उन्हात कायकू बसताय? इकडं या. इथं मुंग्या नाहीत.’

मी टीचर आहे हे तिला कसं कळलं, विचारलं तर हसली. ‘पुस्तक वाचताना ओठ हलवत नाही तुम्ही. आणि चष्म्यावरून बघता. कितवी नापास झाले मी, ते विचारणार वाटलं.’

मी तिला आपा म्हणू लागले. तिचं माहेर खुलताबादचं. वडलांचं दर्ग्याजवळ छोटं दुकान होतं. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन शहरात आली, आता रस्त्यापलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांत सात माणसं. दुपारी तिथं पाय पसरायला जागा नसायची म्हणून ती साड्या घेऊन बागेत यायची. बाळाची आई जेमतेम बाविशीची असेल. फुलंब्रीच्या पुढचं गाव. घरची मेंढरं होती, ती दीर वळायचा. तिचा नवरा आमच्या मागच्या गल्लीत चाललेल्या इमारतीवर कामाला होता. बाळ झाल्यापासून ती कामावर जात नव्हती. पत्र्याच्या खोपट्यात राहायची आणि पत्रा तापला की बाळाला घेऊन करंजाखाली यायची.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कपाळाकडं पाहून सरळ विचारलं, ‘मावशी, तुमच्या घरचं माणूस गेलंय व्हय?’

मी हो म्हटलं. आजवर इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं.

‘किती दिस झाले?’

‘तेवीस.’

‘आमच्यात नवरा गेला तर बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकत नाही,’ आपा म्हणाली. ‘तुमच्यात आहे का असं?’

‘लिहिलेलं नाही. पण बघतात लोक.’

‘बघू द्या. आले ते अच्छं केलं. घरात बसून माणूस वाळतं.’

बाळाच्या आईनं तेवढ्यात अर्धी भाकरी मोडून त्यावर ठेचा ठेवला आणि ती माझ्या हातात दिली. त्यांच्याकडं दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत, दुसऱ्यांनी आणून घालायचं असतं. तिच्या दृष्टीनं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी सोवळं-ओवळं पाळणारी नाही. तरी बागेत, गवतावर बसून, कुणाच्या हातची भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तशी ती म्हणाली, ‘लई तिखट झालं का? रडा तेच्या निमतानं.’ आपा हसली. मीही हसले. घरी गेल्यावर लक्षात आलं की त्या तेवीस दिवसांत मी पहिल्यांदाच हसले होते.

पुढचे दोन महिने मी रोज गेले. मी काही नेलं नाही असं नाही. कधी साटोरी, कधी वाटलेली डाळ. आपा फॉल लावता लावता गल्लीतल्या गोष्टी सांगायची. ती बोलायला लागली की बाळाची आई मध्येच ‘नाय ओ आपा, काय बी सांगता’ म्हणायची आणि आपा सुई रोखून ‘तू गप बैठ, तू पैदा नव्हती झाली’ म्हणायची. मी ऐकायची. बाळ माझ्याकडं राहायला लागलं होतं.

हे सगळं मी घरी, फोनवर मुलाला, कुणालाही सांगितलं नाही. विचारलं तर ‘दुपारी जरा वाचत बसते’ म्हणायची. त्यात लपवण्यासारखं काय होतं हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

वैशाखाच्या सुरुवातीला सकाळच्या गटाचे प्रमुख घरी आले. निवृत्त इंजिनिअर, यजमानांचे जुने मित्र; गटातल्या सगळ्यांसारखं तेही त्यांना सरच म्हणायचे. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

‘वहिनी, सर असते तर त्यांनीच लिहिलं असतं. आता तुम्हीच बघा. आमच्यात कुणाला धड चार ओळी लिहिता येत नाहीत.’

कागदावर त्यांनी लिहिलं होतं की दुपारी बाहेरचे लोक बागेत येतात, मुसलमान बाया आणि झोपड्यांतल्या बाया तिथं खातात-पितात, पोरांना झाडाला टांगतात, बाग आपली राहिलेली नाही, तरी त्यांना बंद करावं.

‘सकाळी शेंगांची टरफलं असतात करंजाखाली,’ ते म्हणाले. ‘परवा तर लंगोट वाळत घातलेला होता. सांगा, सरांनी यासाठी झाडं लावली होती का?’

टरफलं खरी होती. लंगोटही खरा होता. तो मीच धुवून बाकावर टाकला होता आणि उचलायचा राहिला होता.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं: मी रोज तिथं बसते. ते ओशाळले असते, कागद खिशात घालून गेले असते. पण ते ‘सर’ म्हणाले होते, आणि मला वाटलं, यजमानांच्या खुर्चीवर मला बसवलं जातंय. खरं तर हेही पूर्ण खरं नाही. मला भीती वाटली. ‘वहिनी त्या बायांमध्ये बसतात’ हे दुसऱ्या दिवशी सगळ्या बाकांवर गेलं असतं.

‘भाषा अशी चालणार नाही,’ मी म्हणाले.

‘म्हणून तर तुमच्याकडं आलो.’

ते गेल्यावर मी टेबलाशी बसले. ‘बाहेरचे’ खोडलं. ‘मुसलमान’ खोडलं. ‘झोपड्या’ खोडलं. कुणाचा धर्म, कुणाची जात, कुणाची गरिबी त्यात राहू दिली नाही. स्वच्छतेबद्दल लिहिलं, झाडांच्या फांद्यांना होणाऱ्या इजेबद्दल लिहिलं, देखभालीसाठी ठरावीक वेळ मिळणं कसं गरजेचं आहे ते लिहिलं. मी त्यातला कडवटपणा काढते आहे, अशी मी माझी समजूत घातली. इंजिनिअर साहेबांचा कागद जसाच्या तसा गेला असता तर वॉर्ड ऑफिसातल्या कुणीही तो बाजूला टाकला असता. माझा अर्ज बाजूला टाकण्यासारखा राहिला नाही. स्वच्छ अक्षरात उतरवला आणि इतर दहा जणांबरोबर खाली सही केली.

फलक लागायला पंधरा दिवसही लागले नाहीत. त्या दिवसांतही मी करंजाखाली जाऊन बसत होते.

ज्या दुपारी फाटक पहिल्यांदा बंद झालं, त्या दुपारी मी पोचले तेव्हा आपा आणि बाळाची आई बाहेर उभ्या होत्या. आत वॉचमन शिट्टी हातात घेऊन.

‘वाच की आपा, काय लिवलंय?’ बाळाची आई म्हणाली. आपानं फलक मोठ्यानं वाचला. माझी वाक्यं तिच्या तोंडून ऐकली.

‘झाडाला कापड बांधायचं नाय म्हंजी?’ बाळाची आई वॉचमनला म्हणाली. ‘मी काय झाड तोडती का? लेकराला निजवती.’

‘मला काय विचारती? साहेबाला विचार.’ त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यानं फाटकाची कडी काढली. ‘मॅडम, तुम्ही या. तुम्ही कॉलनीतल्या. तुम्हाला कोण काय म्हणतंय.’

मी आत गेले.

मला परत वळता आलं असतं. कडी काढलेली होती, तो वाट पाहत होता, मागं त्या दोघी होत्या, आणि मी पुस्तक छातीशी धरून आत गेले. करंजाखाली बसायची हिंमत झाली नाही. लांबच्या बाकावर बसले, पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं मान वर केली तेव्हा त्या निघून गेल्या होत्या.

चार दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या. घर त्यांनी विचारत विचारत शोधलं. बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या फुटल्या होत्या. बाळ किरकिरत होतं. मी त्यांना पोर्चमध्ये बसवलं. आत पंखा होता. पोर्चमध्ये नव्हता.

‘टीचर, एक अर्ज लिहून द्या,’ आपा म्हणाली. ‘दुपारी फाटक खुलं ठेवा म्हणून. तुम्ही लिहिलं तर ऐकतील.’

‘खोपटात ऱ्हावत नाय मावशी,’ बाळाची आई म्हणाली. ‘हात लावला तर चटका बसतू पत्र्याला. मी ऱ्हाईन, पण हे नाय ऱ्हात. निस्तं दोन मास. पाऊस पडला की नाय येणार आमी.’

मी लिहून दिला. तोही चांगला लिहिला. लहान मुलं, उन्हाचा कडाका, सार्वजनिक जागा सर्वांची. लिहून झाल्यावर आपानं कागद माझ्यापुढं सरकवला.

‘पहिली सही तुमची.’

‘मी लिहून देते. सह्या तुम्ही गोळा करा,’ मी म्हणाले. ‘ज्यांची अडचण आहे त्यांच्याच सह्या असल्या तर बरं.’

हेही वाक्य ऐकायला किती रास्त आहे. आपानं माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि कागदाची घडी केली.

तीन दिवसांनी ती एकटीच आली. पोर्चमध्ये बसली नाही, पायरीखाली उभी राहिली.

‘ऑफिसात बाबू म्हणाला, यात कॉलनीचं कुणीच नाही. तुमचा पत्ता दुसरा, हिला तर पत्ताच नाही. कॉलनीतला एक माणूस पाहिजे म्हणे. मी बोलली, बंद करायला सांगितलं कोणी? त्यानं फाइल काढली.’ तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ‘मराठी शाळेत शिकली मी, टीचर. वाचता येतं मला.’

मी उगाच पदर सारखा केला.

‘दोन्ही अर्ज चांगले लिहिले तुम्ही,’ ती म्हणाली.

ती चिडलेली नव्हती. तिनं पिशवीतून तो दुसरा अर्ज काढला. सगळ्यात वर, पहिल्या सहीची जागा तिनं त्या दिवशी मोकळी सोडली होती, ती तशीच मोकळी होती.

‘आता करा सही.’

मी केली. तिच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात जाते म्हणाले, तर ‘नक्को, मी जाते’ म्हणाली. संध्याकाळी परत आली. माझी सही चालली नाही. बाबूनं फाइल उघडून दाखवलं होतं: या बाईंचं नाव बंद ठेवण्याच्या अर्जावर आहे, त्याच उघडण्याच्या अर्जावर कशा? त्यांनी आधीची सही मागे घेतल्याचं लेखी द्यावं, कारणासह. मग साहेबांपुढं ठेवू.

‘उद्या द्या लिहून,’ आपा म्हणाली. ‘लेकराला काल ताप होता.’

मला चार दिवस लागले.

चार ओळींचं पत्र होतं. आयुष्यभर मुलांना पत्रलेखन शिकवलेली बाई मी. पहिल्या दिवशी लिहिलं की सदर अर्जावरील सही अनवधानाने झाली. मग तो कागद फाडला, कारण अनवधान कसलं? मसुदा माझाच होता. दुसऱ्या दिवशी पतिनिधनामुळे मनःस्थिती ठीक नसल्याचं लिहिलं. तो कागद बराच वेळ समोर ठेवला होता. तो चालला असता. बाबूनं सहानुभूतीनं घेतला असता, इंजिनिअर साहेबांनीही. माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या आड मला उभं राहता आलं असतं. तोही फाडला, पण लगेच नाही. रात्रभर तो टेबलावर होता. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता, तेच निमित्त करून लिहिलंच नाही. चौथ्या दिवशी ‘कारण’ या शब्दापुढं एक ओळ लिहिली: अर्जात ज्या वापराबद्दल तक्रार केली आहे, तो वापर करणाऱ्यांपैकी मी स्वतः एक होते, हे मी लपवलं.

वॉर्ड ऑफिसात स्वतः गेले. बाबूनं पत्र वाचलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचलं. ‘असं लिहायची गरज नव्हती मॅडम,’ तो म्हणाला. ‘वैयक्तिक कारणास्तव लिहिलं असतं तरी चाललं असतं.’ त्यानं शिक्का मारून पोच दिली.

तिथून तशीच आपाच्या वस्तीत गेले. त्या गल्लीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. दारातच ती साडी पसरून बसली होती, पलीकडं नातवंडांचा गोंधळ. मी पोच पुढं केली. तिनं वाचली, परत दिली.

‘ती गेली परवा,’ आपा म्हणाली. ‘लेकराचा ताप उतरेना. डॉक्टर बोलला, थंड जागी ठेवा. नवरा बोलला, थंड जागा कुठनं आणू? गावाला सोडून आला.’

‘बाळ कसं आहे आता?’

‘बरं आहे म्हणतो. फोनवर लेकराचा आवाज ऐकला मी.’

मी दारातच उभी होते. ‘आपा, माझी चूक झाली,’ मी म्हणाले. ‘मला माफ करा.’

‘मला कायकू सांगताय? मी इथं पण बसते, उंबऱ्यात.’ तिनं दोरा दातानं तोडला. ‘तिला जाऊन सांगा.’

‘कुठलं गाव तिचं? फुलंब्रीच्या पुढं ना?’

आपानं मान वर केली. ‘दोन महिने तिच्या हातची भाकरी खाल्ली तुम्ही, टीचर. गाव नाही विचारलं?’

नव्हतं विचारलं. मागच्या पिढीत कोण काय करायचं, मेंढरं किती, लोकर कशी कातरतात, हे सगळं विचारलं होतं. पुस्तकात वाचल्यासारखं ऐकलं होतं. गाव विचारलं नव्हतं. तिनं मात्र माझे दिवस मोजले होते. ‘मावशी, आज चाळीस झाले ना?’ असं ती एकदा आपणहून म्हणाली होती.

आपानं गाव सांगितलं. मी पोचपावतीच्या मागं लिहून घेतलं.

फाटक आता दुपारी उघडं असतं. साहेबांनी वेळ बदलली. खाण्याची आणि कापडाची मनाई मात्र फलकावर तशीच आहे. इंजिनिअर साहेब मला रस्त्यात भेटले की नमस्कार करतात आणि थांबत नाहीत. आपा येते कधी कधी. मला जागा देते, गोष्टी सांगत नाही. मागच्या गल्लीतली इमारत पहिल्या मजल्यापर्यंत आली आहे, आणि बाळाचा बाप तिथंच काम करतो. मी त्या बाजूनं गेले तर तो ओळख दाखवून विटा उचलायला लागतो. त्याला किती माहीत आहे, मला माहीत नाही.

मी अजून त्या गावाला गेलेली नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, लिहून संपेपर्यंत मी जाऊन आलेली असेन आणि शेवटी तेच लिहीन. तीन आठवडे झाले. दोनदा स्टँडपर्यंत गेले. तिथं जाऊन तिच्यासमोर काय म्हणायचं हे मी अजून जुळवते आहे, आणि जुळवलेलं काहीही तिला सांगण्यासारखं होत नाही. बस सकाळी साडेआठला असते. त्या दिवशी आपानं मला तेही न विचारता सांगितलं होतं.